विसरल्या वस्तूंचे फडताळ

पंढरपुरास ज्याचे घर आहे त्याला पाहुणे कमी पडल्याचे कधी कोणी ऐकलेले नाही. इतर गावी सणावाराला माणसे पाहुण्यांची वाट पाहतात. आमच्या गावी आषाढ लागला की पाहुण्यांच्या गर्दीतून आपल्याला न्हाणीघरापर्यंत वाट कशी मिळेल याचा विचार करावा लागतो. एरवी लाखाच्या आतबाहेर वस्ती असलेले हे गाव. पण आषाढी एकादशीला तेथे दहा-बारा लाख माणूस उतरते असे सांगतात. ही माणसे राहतात कुठे? काही वाळवंटात, काही मठांत आणि धर्मशाळांत, अलीकडे नदीपलीकडे तंबूंत. आणि उरलेली सारी तुमच्याआमच्या घरांत.

आमचे घर प्रदक्षिणेच्या रस्त्यापासून आत वळणाऱ्या एका बोळात होते. 'होते' असे लिहिताना हात थोडा अडखळतो. पण ते पुढे येईलच. दारात दोन दगडी पायऱ्या, आत ढेळज, चौकात आड, तीन बाजूंनी सोपा, एका अंगाला माडी आणि बाकी सर्व माळवद. आषाढ शुद्ध दशमीला संध्याकाळी वाखरीहून पालख्या गावात आल्या की तासाभरात या घरात बोट शिरकवायला जागा उरत नसे. माडी परभणीकडच्या एका दिंडीची, पूर्वेचा सोपा बीडकडच्या लोकांचा, माळवद ज्याला कोणी नाही त्याचे. हे वाटप कोणी, केव्हा केले ते आजोबांनाही सांगता येत नव्हते. बापाने जेथे पथारी टाकली तेथेच लेकाने टाकायची असा शिरस्ता.

येथे एक खुलासा केलेला बरा. पंढरपूरकर म्हणजे वारकऱ्यांसाठी घरदार उघडून बसलेली संतमंडळी, असे चित्र मी रंगवणार नाही. वारीत जागा भाड्याने देणे हा आमच्या गावचा जुना धंदा आहे, आणि त्या भाड्यावर वर्षाचा बाजारहाट करणारी घरे मी पाहिलेली आहेत. आजोबाही माडीचे पैसे घेत. सोप्याचे घेत नसत. पण जाताना कोणी पायलीभर ज्वारी किंवा तूरडाळ ठेवली तर नको म्हणत नसत.

दशमीला आलेली ही माणसे पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की उठत. पाच दिवस ज्या घरात टाळमृदंगाने भिंती हादरत, तेथे एकाएकी अशी शांतता पसरे की आडातल्या पाण्यात पडणाऱ्या थेंबाचा आवाज ऐकू येई. मग आई पदर खोचून केरसुणी हातात घेई, आणि आम्हां भावंडांचा खरा उत्सव सुरू होई. कारण पाहुणे जातात, पण सगळेच्या सगळे जात नाहीत. त्यांचे काही ना काही मागे राहते.

काय राहत नसे? चपला तर राहतच. पण वाचकहो, गंमत अशी, की जोड कधी राहत नसे. एकच राही, आणि बहुधा डावी. टाळ राहत, त्यांतलाही एक. काठ्या, छत्र्या, तांब्याच्या लोट्या, तंबाखूचे बटवे, गोपीचंदनाचे खडे, बुक्क्याच्या डब्या, हरिपाठाच्या तेलकट वह्या. माझ्या लहानपणी कॉलऱ्याची सुई टोचल्याचे दाखलेही सापडत. तो दाखला म्हणजे वारकऱ्याला मोठी जोखीम वाटे. धोतराच्या सोग्यात, पागोट्याच्या घडीत, नाही तर पोथीत जपून ठेवलेला असे, आणि इतका जपून ठेवलेला असे की शेवटी तो आमच्या घरीच राही. एका वर्षी देवघराच्या कोनाड्यात पाण्याने भरलेल्या फुलपात्रात दातांची अख्खी कवळी निघाली. धाकट्या बहिणीने ती पाहून जी किंकाळी फोडली ती शेजारच्या चार घरांत ऐकू गेली. कवळीचे मालक माढ्याच्या आसपासचे होते. आठ दिवसांनी छोट्या गाडीने परत आले, आणि आठ दिवस आपण ताकभातावर काढले असे त्यांनी बोळक्या तोंडाने हसत सांगितले. (ही छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत ती १९०६ साली आली. अडीच फुटी रूळ, आणि वारीत आतल्याइतकीच माणसे टपावर. त्या जागी आता रुंद रूळ आहेत आणि टपावर कोणी बसत नाही.)

आईचा या बाबतीत एक कायदा होता. राहिलेली वस्तू वापरायची नाही, कोणाला द्यायची नाही आणि टाकायची तर मुळीच नाही. माजघरातल्या भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक मोठे फडताळ होते; त्यात या साऱ्या वस्तू जात. फडताळाला कुलूप होते. पण किल्ली बाजूच्याच खिळ्याला लटकत असे, त्यामुळे त्या कुलपाला फारसा अर्थ नव्हता. प्रत्येक वस्तूला आई चिंधी बांधी आणि माझ्याकडून तिच्यावर शाईने नाव लिहून घेई. आता येथे मोठी अडचण. वारीत कोणाला नाव नसते. लहानथोर, बाईमाणूस, पाटील-मजूर सारे एकमेकांना 'माउली' म्हणतात. पाच-पाच दिवस एका चुलीवर शिजवून खाल्लेल्या माणसाचे नाव काय, असे आईला विचारले तर तिला सांगता येत नसे. त्यामुळे त्या चिंध्यांवर मी जे लिहिले आहे ते असे: 'खोकणारे माउली, पूर्वेचा सोपा', 'पखवाजवाल्यांचे मेहुणे', 'माळवदावरून घसरलेले', 'दोन सुनांची सासू, भांडकुदळ'. हा शेवटचा शेरा आईचा नव्हे, माझा. पुढल्या वर्षी त्या सासूबाईंनी आपली परडी मागितली तेव्हा चिंधी आधी काढून घ्यावी लागली.

आमचे एक काका सोलापुरास वकिली करीत. ते सुटीत आले की या फडताळाकडे बघून त्यांचे कायद्याचे ज्ञान उफाळून येई. ते म्हणत, "वहिनी, १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७१ असे सांगते, की दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली की तुम्ही सुटलात. मालक शोधूनही मिळत नसला आणि वस्तू नासायला लागली, किंवा तिच्यावर होणारा रास्त खर्च किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला, तर ती विकताही येते." आई पोळी लाटता लाटता म्हणे, "भाऊजी, एका चपलेला गिऱ्हाईक तुमच्या सोलापुरात असेल, आमच्या पंढरपुरात नाही." पण कलमातला 'ठेव' हा शब्द मात्र तिने नेमका उचलला. तेव्हापासून ती फडताळातल्या वस्तूंना 'ठेवी' म्हणू लागली.

मालक येत. बहुतेक पुढल्या आषाढीला, कोणी कार्तिकीला. दिवाळीच्या साफसफाईत फडताळ रिकामे करून सगळा माल चौकात उन्हाला पडे, कारण पाडव्यापासून दहाव्या दिवशी कार्तिकी. तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासली जात. त्यापायी एकदा फजितीच झाली. एक म्हातारबुवा तीन वर्षांनी आपली लोटी न्यायला आले. आईने लोटी पुढे केली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "ही आमची न्हाई. आमची काळी होती." शेवटी बुडाशी ठोकलेले त्यांच्या वडिलांचे नाव दाखवले तेव्हा कोठे पटले. तरीही जाताना पुटपुटत होते, की एवढी चकचकीत लोटी घेऊन रानात कसे जावे.

एक वस्तू मात्र आई वर्षभर वाट पाहत ठेवीत नसे. ती म्हणजे तुळशीची माळ. गळ्यात माळ नसेल तर माळकरी अन्नपाणी घेत नाही. एका पौर्णिमेला न्हाणीच्या दगडावर तुटलेली माळ सापडली. आईने वडिलांना तसेच सायकलवर गोपाळपूरच्या वाटेला पिटाळले. ते तिकडून माणसाला शोधत चाललेले आणि तो माणूस दुसऱ्या वाटेने धापा टाकत घराकडे आलेला, अशी चुकामूक झाली. तो बिचारा दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब न घेता आमच्या पायरीवर बसून होता. वडील आले, माळ ओवली गेली, आणि मग त्याने प्यायलेले पाणी मी मोजले होते: तीन तांबे.

काही वस्तू विसरलेल्या नसतात, मुद्दाम ठेवलेल्या असतात, हे कळायला मला वेळ लागला. एका घोंगडीबद्दल वडिलांनी पोस्टकार्ड टाकले तेव्हा उत्तर आले की राहू द्या, एवढे ओझे वाहून न्यायचे आणि पुन्हा आणायचे कशाला. पुढल्या वारीला लागेलच. माणूस परत येणार याचा तो घोंगडीच्या रूपाने ठेवलेला विसार.

आता १९७२ सालची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर लिहायला बसलो.

त्या आषाढीला गर्दी बेताचीच होती. पाऊस नव्हता. वाळवंटात नदीची जेमतेम एक धार. लोक कीर्तनात बसलेले असत आणि डोळे आभाळाकडे. पूर्वेच्या सोप्यात बीडकडच्या दहाबारा बायका होत्या. पौर्णिमेला त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी आई ज्वारी काढायला बळदाच्या खोलीत गेली, तर कोपऱ्यात पालथी पाटी, आणि पाटीखाली एक पितळी तुळशीवृंदावन व शेजारी गाठोडे. बायका डोक्यावर घेऊन चालतात तसले ते वृंदावन. आत रोप हिरवेगार. गाठोड्यात चांदीचे दोन गोठ, एक डोरले आणि सहासात रुपयांची चिल्लर. आईने सगळे पाहिले, पुन्हा बांधले आणि म्हणाली, "विसरलेली वस्तू कोणी पाटीखाली झाकून ठेवत नाही." चिंधीवर तिने मला लिहायला लावले, 'हिरव्या लुगड्याची, कमी बोलणारी'. रोप आमच्या वृंदावनात लावले.

१९७३ च्या आषाढीला हिरव्या लुगड्याची आली नाही. १९७४ लाही नाही. सोबतच्या बायकांतल्या दोघी आल्या होत्या, पण ती वाटेत येऊन मिळाली होती, कुठल्या गावची ते ठाऊक नव्हते. माउली म्हटले की संपले.

१९७५ साली मी सोलापुरास कॉलेजात दुसऱ्या वर्षात होतो. वडील आजारी पडून घरी बसले होते. जून महिन्यात फी आणि खाणावळीची थकलेली बाकी मिळून एकशे ऐंशी रुपये भरायचे होते, आणि ते घरात नाहीत हे मला माहीत होते. किल्ली खिळ्यालाच होती. मी गाठोडे सोडले, गोठ काढून घेतले, गाठोडे बांधून ठेवले आणि सोलापुरातल्या एका सराफाकडे गोठ गहाण टाकले. मनाची समजूत घातली ती काकांच्या कलमाने: तीन वर्षे झाली, मालक शोधूनही मिळत नाही. वास्तविक, नासणाऱ्या वस्तूंत चांदी येत नाही एवढे मला समजत होते.

त्या वर्षीची आषाढी मी जन्मात विसरणार नाही. दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईचे मी आधी लुगडे बघत होतो. हिरवे दिसले की पोटात गोळा येई. गोपाळकाला होऊन बोळ रिकामा झाला तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. आणि एक वारकरी बाई पंढरीला आली नाही याचा आपल्याला आनंद व्हावा, या विचाराने रात्री झोप लागली नाही. पुढे शिकवण्या केल्या आणि १९७६ च्या मार्चमध्ये व्याजासकट पैसे भरून गोठ सोडवले. घरी आलो, आई देवळात गेलेली पाहून ते जागच्या जागी बांधून ठेवले. मिटले, असे मला वाटले.

१९७८ च्या आषाढीत, द्वादशीच्या दुपारी, पंचविशीतला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासे, अंगात मळका सदरा. आत येईना. आडाकडे पाही, पायऱ्यांकडे पाही, मग आईच्या हनुवटीवरच्या गोंदणाकडे पाही. म्हणाला, "माय, बहात्तर साली आमची आई हितं काही ठेवून गेली का?"

आईने त्याला आत बोलावून बसवले, पाणी दिले, मग विचारले. दुष्काळात हे लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. घरात मिलो ज्वारीवर दिवस निघत होते. होते नव्हते ते सावकाराच्या घरी जाईल या भीतीने म्हातारीने एवढे दागिने वारीत बरोबर आणले, आणि कोणाला न सांगता मागे ठेवले. पुढल्या उन्हाळ्यात कामावरच तिला उन्हाचा त्रास झाला, त्यातच ती गेली. जाण्यापूर्वी एवढेच बोलली, की पंढरीला ठेवलंय. दोन पायऱ्यांचं घर, चौकात आड, आणि घरधनिणीच्या हनुवटीवर तीन ठिपके. पंढरपुरात आड असलेली आणि दोन पायऱ्यांची घरे काय थोडी आहेत? हा मुलगा चार आषाढ्या घरोघर हिंडत होता. दोन ठिकाणी चोर समजून त्याला हुसकून लावले होते.

मी चिंधी वाचून दाखवली. 'कमी बोलणारी' हे शब्द ऐकून तो हसला आणि लगेच त्याने डोळे पुसले.

आईने गाठोडे त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते मांडीवर घेतले, पण सोडले नाही. गाठीवरून अंगठा फिरवीत राहिला. म्हणाला, "ही गाठ आमच्या मायची न्हाई. ती पदराला, गाठोड्याला, समद्याला एकच गाठ मारायची. वढली की सुटायची. ही निरगाठ हाय."

माजघरात कोणी बोलेना. मी भिंतीला टेकून उभा होतो. आईने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नव्हे, तवा तापला का हे पाहावे इतकाच वेळ. मग ती म्हणाली, "मीच सोडलं होतं बाबा. दिवाळीला सगळं उन्हात घालते. मोजून घे."

त्याने मोजले. सगळे जिथल्या तिथे होते. त्याने डोरले कपाळाला लावले, पुन्हा बांधले, आणि बांधताना आईची ती ओढली की सुटणारी गाठ मारली. वृंदावन त्याने घेतले. रोपाचे विचारले तेव्हा आईने चौकातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडून कागदात बांधून दिल्या. मूळचे रोप केव्हाच वाळून गेले होते, पण त्याच्याच बियांची ही तुळस. तो जेवून गेला. त्यानंतर दोन-तीन वेळा आषाढीला आला, मग त्याचा मुलगा येऊ लागला.

त्या रात्री निजानीज झाल्यावर आईने खिळ्याची किल्ली काढून कनवटीला लावली. त्यानंतर ती किल्ली खिळ्यावर कधीच दिसली नाही. तिने मला काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. २००९ साली ती गेली तेव्हा किल्ली तिच्या उशाखाली होती. धाकट्या भावजयीने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुमच्याकडेच द्यायची असं म्हणाल्या होत्या."

काळ बदलला तशा राहणाऱ्या वस्तूही बदलल्या. लोट्या गेल्या आणि पाण्याच्या बाटल्या आल्या. या कोणी परत मागत नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही ठेवल्या नाहीत. मोबाइलचे चार्जर मात्र पुष्कळ राहतात. मालकाचा शोध लावणे आता सोपे झाले असेल असे वाटेल. पण चार्जरवर कोणी बुडाशी वडिलांचे नाव ठोकत नाही. २०२० च्या आषाढीला साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने आल्या, आणि गावात संचारबंदी. त्या पौर्णिमेनंतर भावजयीने सवयीने घर झाडले. काहीच सापडले नाही. फोनवर म्हणाली, "केरात बुक्कासुद्धा नाही हो."

यंदा आम्ही भावंडांनी घर विकले. माळवद गळत होते, राहणारे कोणी उरले नव्हते, आणि नव्या मालकाला तेथे यात्रेकरूंसाठी इमारत बांधायची आहे. पायऱ्या जातील, आडही बुजेल. फडताळ रिकामे करायला मी आठ दिवस जाऊन राहिलो. टाळ आणि काठ्या एका मठात दिल्या. वह्यांना वाळवी लागली होती, त्या चंद्रभागेत सोडल्या. चपलांचे काय करायचे सुचेना. अकरा निघाल्या, नऊ डाव्या. ज्यांच्या चिंध्यांवरची अक्षरे अजून वाचता येतात अशा तेवीस वस्तू एका पत्र्याच्या पेटीत भरून शेजारच्या काकूंकडे ठेवल्या आहेत, आणि जुन्या दारावर एक पाटी लावून आलो आहे: 'या घरी कोणाचे काही राहिले असल्यास पुढील क्रमांकावर कळवावे.'

आजवर दोन फोन आले. पहिल्याला भंगार हवे होते. दुसरा गेल्या आठवड्यात, परभणीकडून. "माउली, कार्तिकीला माडी मोकळी आहे ना?" मी घर विकल्याचे सांगितले. तिकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आवाज आला, "आणि आमची पातेली?"

ती मला आठवतच नव्हती. काकूंना फोन लावला. दोन्ही पातेली त्यांच्या माळवदावर पालथी घालून ठेवलेली आहेत, भावजयीनेच दिली होती. कार्तिकीला येऊन नेतो म्हणाले. पातेल्यांबरोबर एक लांब दांड्याचा झाराही होता म्हणतात; तो काही सापडत नाही. काकूंना सांगितले आहे, आणि मीही दिवाळी झाली की दोन दिवस आधी जाऊन बघणार आहे.